द्रिताबाईंच्या कॉफीसमोर

शहराला नाव देण्याचा अधिकार जिंकणाऱ्याचा, असं इतिहास गंभीरपणे सांगतो. अल्बानियातल्या दुरेसचंच पाहा. ग्रीकांनी त्याला एपिदाम्नोस म्हटलं, रोमनांनी दिर्राखियम, व्हेनिसवाल्यांनी दुराझ्झो.

तिथल्या एका गल्लीच्या तोंडाशी कुणा दिवंगत पुढाऱ्याच्या नावाची संगमरवरी पाटी दिसली. मी वाचत थांबलो, तशा कोपऱ्यावरच्या कॉफीवाल्या द्रिताबाई बाहेर आल्या.

"ह्यानं आमचं घर सरकारजमा केलं आणि स्वतःच जाऊन राहिला," समोरच्या दारावरून नजर न काढता त्या म्हणाल्या. "आता गल्लीही त्याचीच!"

"तक्रार नाही केलीत?"

"कुणाकडे? दुकानाला माझं नाव दिलं, त्याच्या दुप्पट अक्षरांत. आणि त्याच्या नावानं कुणी पत्ता विचारला, की सांगते, असा माणूस इथे कधी नव्हताच."

तोफांना पुरून उरलेली साम्राज्यंही लोकांनी अशीच, पत्ता सांगता सांगता गाळून टाकली असावीत. कॉफी कडू होती, पण बाईंचा चेहरा समाधानी होता.

समोरच्या घरात आता त्या पुढाऱ्याचा नातू राहतो. त्याची पत्रं 'द्रिताच्या कॉफीसमोर' या पत्त्यावर येतात.