एकादशीचा खडा

इकडे उत्तरेत, प्रेम नगरात आमच्या शेजारी राहणारे, रेल्वेतून रिटायर झालेले काका दगड चाटतात. फिरायला निघाल्यावर गिट्टीचा ढीग दिसला की एक खडा उचलायचा, जीभ लावायची आणि मला दाखवायचा. "ओला झाला की दाणे दिसतात बघ. गुलाबी ते फेल्डस्पार, काचेसारखं ते क्वार्ट्झ. हा ग्रॅनाइट जमिनीच्या पोटात खडीसाखरेसारखा सावकाश निवला, म्हणून दाणे मोठे. आपल्या साताऱ्याचा काळा दगड म्हणजे बाहेर येऊन झटकन थंड झालेला लाव्हा. त्याला दाणे धरायला वेळच कुठे मिळाला?"

गिट्टी टाकायला आलेला ट्रॅक्टरवाला विचारतो, "बाबूजी, घर में खाना नहीं मिला?" मी ओळख नसल्यासारखा पुढे सरकतो.

एका एकादशीला काकू फाटकातून ओरडल्या, "अहो, उपास आहे ना तुमचा!"

काका जीभ बाहेर ठेवूनच थबकले. "सेंधा नमक चालतं ना? तेही खनिजच."

"ते कुत्र्यांच्या पायांखालून येत नाही!"

पुढच्या एकादशीला मी त्यांच्याकडे गेलो, तर साबुदाण्याच्या खिचडीच्या ताटलीत, लिंबाच्या फोडीशेजारी, काकूंनी गरम पाण्याने धुतलेला एक गुलाबी खडा ठेवला होता. काकांनी आधी तोच चाटला. मग गंभीरपणे म्हणाले, "मीठ कमी आहे."