कंपनीचा रंग

माझ्या थोरल्या बहिणीचे सासरे हे कोल्हापुरातले बहुधा एकमेव गृहस्थ असतील, ज्यांनी स्कूटर घेतली ती चालवण्यासाठी नव्हे, तर तिचा रंग राखण्यासाठी. हे मी चेष्टेनं म्हणत नाही. म्हणजे चेष्टेनंच म्हणतोय, पण खोटं म्हणत नाही. पाटबंधारे खात्यात ते हेडक्लार्क होते. घरात आणि गल्लीत सगळे त्यांना आबा म्हणत, म्हणून मीही आबाच म्हणायचो. आणि मी सुनेचा भाऊ असल्यामुळे ते मला शेवटपर्यंत ‘पावणं’च म्हणत आले. देवावर त्यांची श्रद्धा बेताची, डॉक्टरवर अजिबात नाही, आणि सरकारवरची तर सरकारच्याच नोकरीत संपलेली. पण कारखान्यातून बाहेर पडताना गाडीच्या अंगावर जो रंग असतो, ज्याला आमच्याकडे ‘कंपनीचा रंग’ म्हणतात, त्याच्यावर त्यांची निष्ठा पाहण्यासारखी होती. “पावणं, कंपनीचा रंग लावल्याला नसतोय,” ते मला पाटावर बसल्या बसल्या, पहिला घास तोंडात जायच्या आत सांगायचे. “त्यो भट्टीत भाजल्याला असतोय. माणूस जाईल, रंग न्हाय जायाचा.” आबांनी भट्टी कधी पाहिली नव्हती. कारखानाही पाहिला नव्हता. पण श्रद्धेला पाहण्याची गरज पडत नसावी.

दुसऱ्याच्या गाडीचा रंग कंपनीचा आहे की मागाहून मारलेला, हे ओळखण्याचा त्यांना नाद होता. रस्त्यात कुठंही गाडी उभी दिसली की हे थांबायचे, बोटाच्या पेरानं पत्रा वाजवायचे, कान लावायचे, मग काचेच्या कडेचं रबर नखानं उचलून त्याच्याखाली बघायचे. गाडीचा मालक आत बसलेला असला तरी त्यांना त्याचं काही नसे. या नादापायी मलकापूरला एक लग्न मोडायची वेळ आली होती. नवरामुलगा नव्या कोऱ्या जीपमधून आला, मुलीकडच्यांनी जीपला नारळ फोडला, सासरा कौतुकानं चार लोकांना दाखवत होता, आणि आबा अक्षता हातात घेऊन जीपभोवती फिरत होते. फिरून आले आणि मुलीच्या बापाला मोठ्यांदा म्हणाले, “डावं दार कंपनीचं न्हाय बगा. रबरावर रंग उडालाय. ही गाडी पलटी झाल्याली हाय.” पुढं तासभर मंगलाष्टकं थांबली. नवरदेवाच्या चुलत्यानं आबांना मांडवाबाहेर नेऊन काय सांगितलं ते कळलं नाही, पण परतीच्या एस.टी.त आबा गप्प होते. कागलच्या एका पाहुण्यानं त्यांना विचारलं, कशाला बोलायला गेलात? त्यावर ते म्हणाले, “खोटं कुणाचं बोललो का? रंग सांगत हुता, मी वाचून दाखवलं.”

स्वतःच्या स्कूटरसाठी त्यांनी नंबर लावला, आणि नऊ वर्षांनी तो लागला. त्या काळी स्कूटर मिळणं म्हणजे घरात मुलगा होण्यासारखं होतं. किंबहुना मुलगा लवकर व्हायचा. अक्काचं, म्हणजे माझ्या त्या बहिणीचं, लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा स्कूटर आली. पिस्ता रंगाची, अंगावर आरशासारखी चकाकी. दुकानापासून घर दीड मैलावर, पण आबांनी ती रस्त्यानं चालवत आणू दिली नाही. रस्त्यावरची खडी उडाली तर? टेम्पो बोलावला, टेम्पोत दोन गाद्या घातल्या, आणि नववधूसारखी नव्हे, कारण आमची अक्का नववधू असताना तिला साध्या टांग्यातून आणली होती, तर एखाद्या काचेच्या कपाटासारखी ती घरी आणली. पडवीत तिला जागा केली. मग पहिली वाकळ, म्हणजे जाडजूड गोधडी, तिच्यावर दुसरी वाकळ. दर रविवारी सकाळी वाकळा निघायच्या, जुन्या धोतराच्या मऊ फडक्यानं अंग पुसलं जायचं, स्टँडवर उभ्या उभ्याच दहा मिनिटं इंजिन चालायचं, आणि पुन्हा वाकळा. आबांना स्कूटर चालवता येत नव्हती. शिकायचं म्हटलं तर माणूस एकदा तरी पडतोच, आणि पडलं की ओरखडा आलाच, असा त्यांचा साधा हिशेब होता.

पहिल्या खंडेनवमीला अक्कानं भाबडेपणानं स्कूटरच्या पुढच्या पत्र्यावर हळदीकुंकवाचं स्वस्तिक काढलं. कुंकवाचा डाग रंगात उतरतो, हे तिला कोण सांगणार? आबा त्या दिवशी जेवले नाहीत. दुपारभर रिठ्याच्या पाण्यात फडकं बुडवून पुसत बसले होते, जणू भरजरी शालूच होता तो. दुसऱ्या वर्षापासून पूजा व्हायची ती चाकाच्या रबराची. समोरच्या गवळ्यानं मात्र त्याच सुमारास घेतलेल्या मोटारसायकलीला दसऱ्याला कुंकवानं न्हाऊ घातलं, झेंडूत बुडवली, आणि दुसऱ्या दिवशी म्हशींबरोबर रंकाळ्यावर नेऊन धुतली. आबा खिडकीतून बघून म्हणाले, “दोन वर्सात ह्येच्या गाडीचं नुस्तं लोखंड ऱ्हाणार.”

इथपर्यंत सगळं हसण्यासारखं होतं आणि मी मनसोक्त हसत होतो. पण दाजी, म्हणजे अक्काचे यजमान, कसबा बावड्याच्या शाळेत मास्तर होते. मंगळवार पेठेतून बावड्याला रोज सायकल मारत जायचे आणि यायचे. सायकलही तिसऱ्या हाताची. त्यांना स्कूटर चालवता येत होती, मित्राच्या गाडीवर शिकले होते. पण घरात स्कूटर असताना ते पावसात भिजत शाळेत जायचे, हेडमास्तरांची बोलणी खायचे, आणि बापासमोर अवाक्षर काढायचे नाहीत. तसला स्वभावच नव्हता. एका श्रावणात भिजून भिजून त्यांना ताप भरला, आठ दिवस अंथरुणात. मी भेटायला गेलो तर अक्का पडवीकडं बघत म्हणाली, “गाडीला दोन वाकळा, आणि माणसाला एक छत्री, तीबी काडी मोडल्याली.” ती हे हळू आवाजात बोलली नाही. आबा आतल्या खोलीत होते, त्यांनी ऐकलं असणारच.

मला संताप आला. मी आत गेलो आणि आबांना सरळ विचारलं, की ही गाडी तुम्ही दाजींना का देत नाही? ती काय तुमच्याबरोबर वर न्यायची आहे? पाहुण्यानं एवढं बोलायचं नसतं, पण बोलून गेलो. आबा रागावले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“पावणं, त्येलाच द्यायची हाय की. कुणासाठी ठेवलीया मग?” ते म्हणाले. “मी चौघांत धाकटा. शर्ट थोरल्याचा, पुस्तकं मधल्याची, चपला चुलत्याच्या. नोकरीला लागलो तवा सायकल घेतली, तिचा काळा रंग खरवडला तर खाली हिरवा, हिरव्याखाली कुणा भलत्याचंच नाव. माझ्या हाताला नवं असं काय लागलंच न्हाय. पोराला मी वापरल्यालं देणार न्हाय. ज्या दिवशी रिटायर हुईन, त्या दिवशी त्येच्या हातात किल्ली ठेवणार. कंपनीतनं आली तश्शी.”

माणूस चुकतोय हे दिसत होतं, आणि त्याला चूक म्हणायला तोंड उघडत नव्हतं. मी बाहेर आलो. दाजींनी सगळं ऐकलं होतं. ते भिंतीकडं तोंड करून पडून राहिले.

उद्यमनगरात बाबालाल मिस्त्री म्हणून आबांचे एक स्नेही होते. गाड्यांना स्प्रेनं रंग मारायचा त्यांचा धंदा, म्हणजे आबांच्या दृष्टीनं धर्मभ्रष्टच. दोघं शनिवारी एकत्र चहा प्यायचे आणि भांडायचे. “आबा, गाडी काय लोणचं हाय व्हय मुरवायला? रस्त्यावर काढा तिला,” मिस्त्री म्हणायचे. आबा म्हणायचे, “तुझा रंग मुलामा, बाबालाल. तुला न्हाय कळायचं.” अशी पाच वर्षं गेली. निवृत्ती दोन वर्षांवर आली तेव्हा आबांच्या मनात एक नवीनच विचार शिरला. त्यांच्या मते आतापर्यंत ऊन आणि धूळ यांचा बंदोबस्त झाला होता, पण हवा राहिली होती. दर रविवारी वाकळ काढली की हवा लागते, आणि हवेनं रंग म्हातारा होतो. म्हणून आषाढ लागायच्या आदल्या दिवशी त्यांनी स्कूटरला शेवटची रिठ्याच्या पाण्यानं आंघोळ घातली, दोन्ही वाकळा गच्च गुंडाळल्या, वरून रेक्झिनची खोळ चढवली, आणि दाभण घेऊन ती स्वतःच्या हातानं सगळीकडून शिवून टाकली. इंजिन चालवणंही बंद. शिवताना अक्का म्हणाली, “आबा, अजून ओली हाय जरा.” आबा म्हणाले, “आत वाळंल.”

कोल्हापूरचे दोन पावसाळे त्या खोळीवरून गेले.

आबा निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी गल्ली पडवीसमोर जमली. मी बँकेतून रजा काढून गेलो होतो, आणि खरं सांगायचं तर हसायला गेलो होतो. पेढे होते, नारळ होता. गवळी मोटारसायकलवरून उतरून उभा राहिला होता. बाबालाल मिस्त्रींना आबांनी खास निरोप धाडला होता, कंपनीचा रंग म्हणजे काय ते बघायला ये म्हणून. दाजी नवीन शर्ट घालून एका बाजूला उभे होते. आबांनी ब्लेडनं टाके कापले. खोळ निघाली. वरची वाकळ निघाली. खालची निघेना. त्यांनी जरा ओढली तशी ती चरचर आवाज करत सुटली, आणि तिच्याबरोबर पिस्ता रंगाचे तळहाताएवढे पापुद्रेही सुटून आले. उरलेल्या पत्र्यावर फोडच फोड आले होते आणि फोडांच्या मधून गंजाचा तांबेरा दिसत होता. आबांनी एका फोडावर बोट ठेवलं. तो फुटला आणि त्यातून पाणी आलं.

मी सात वर्षं या माणसावर हसायचं साठवून ठेवलं होतं, पण मला हसू आलं नाही. आबा त्या वाकळेची आतली बाजू हातात धरून उभे होते. त्यांच्या गाडीचा रंग तिला चिकटलेला होता. बाबालाल मिस्त्री आता काय बोलतात म्हणून मला भीती वाटली. ते पुढं आले, उकिडवे बसले, नखानं दोन-तीन ठिकाणी खरवडून बघितलं.

“पत्रा शाबूत हाय, आबा,” ते म्हणाले. “वरचंच गेलंय.”

“कंपनीचा हुता, बाबालाल.”

“कंपनीचा हुता म्हणूनच इतकं दिवस दम धरला. पर कंपनीनं गाडी पळंल, तिला ऊनवारं लागंल, असं धरून रंग दिल्याला असतोय. आत कोंडल्यावर त्यो तरी काय करंल?”

आबांनी समोर बघितलं. गवळ्याच्या मोटारसायकलीवर दुधाच्या कॅननी घासलेले दोन पट्टे सोडले तर कंपनीचा रंग जसाच्या तसा होता. मग मिस्त्रींना म्हणाले, “घेऊन जा. रंग मार.”

“पिस्ताच देतो. तंतोतंत जुळवतो, तुमास्नीबी वळखायचं न्हाय.”

“मला नगं इचारू. त्येला इचार.”

दाजी त्या वेळी चौतीस वर्षांचे होते, आणि घरात त्यांना एखाद्या गोष्टीचा रंग कुणी विचारण्याची ती पहिलीच वेळ असावी. ते बराच वेळ चपलेनं फरशी घासत राहिले. मग म्हणाले, “तांबडा.” मिस्त्रींनी विचारलं, कसला तांबडा? दाजी म्हणाले, “एस.टी.सारखा.” आबांनी डोळे मिटले, पण शब्द काढला नाही. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातला तो सर्वांत मोठा पराक्रम.

पंधरा दिवसांनी तांबडीभडक स्कूटर दारात आली. आधी दाजी एकटेच फिरवून आणायचे. मग एका संध्याकाळी आबा न सांगता मागं बसले, मुलाच्या खांद्याला दोन्ही हातांनी धरून. बावड्यापर्यंत गेले आणि आले. तेव्हापासून रोजचंच झालं. दाजी शाळेतून आले की आबा टोपी घालून पायरीवर तयार असायचे. स्कूटरला पहिला ओरखडा भाजी मंडईत आला, दुसरा अक्काच्या पिशवीनं, तिसऱ्यापासून कुणी मोजले नाहीत. मी मुद्दाम चिडवायला एकदा म्हणालो, “आबा, डाव्या बाजूला बघा, रंग गेला.” ते म्हणाले, “जाऊ दे की पावणं. बाबालाल कशासाठी हाय?” आणि दाजींच्या पाठीवर थाप मारून, “जरा जोरात घे,” म्हणाले.

असं दीड वर्ष चाललं. मग आबा गेले. नागपंचमीच्या सुमाराला साधा ताप आला आणि चार दिवसांत संपलं. दिवसकार्य झाल्यावर दाजी पुन्हा शाळेत जायला लागले, त्या सकाळी मी तिथंच होतो. स्कूटर दारात उघडी उभी होती. तिच्यावर काही घालायचं आता घरात कुणाच्या मनात येत नसे. दुःखाच्या घरात काय बोलावं हे मला कधीच कळत नाही, म्हणून मी आबांचा मलकापूरच्या जीपचा किस्सा काढला. दाजी हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग किल्ली हातात फिरवत म्हणाले, “सात वर्सं ही आत हुती. मी सायकल काढायचो तवा आबा दारापत्तर यायचे, वळणावर जाईपर्यंत बगत उभं ऱ्हायचे. सात वर्सं त्येंला मागं बसवून फिरवलं असतं मी.”

त्यांना शाळेला उशीर होत होता. त्यांनी किक मारली आणि ते गेले.