दिनानाथकाकांचा एकच प्रश्न

"मॅडम, मला एकच सांगा," असं फोनवर बँकवालीला म्हणून दिनानाथकाका चार गोष्टी विचारायचे. आधी घसा साफ, मग "मी बोळिंजहून बोलतोय," मग समोरचीला बोळिंज कुठे आलं ते समजावणं. स्पीकर चालू, कारण हातात पेन. आमच्या अख्ख्या जिन्याला दोन्ही बाजू ऐकू यायच्या. मला तर पाठच झाल्या.

काका सातिवलीच्या एका कारखान्यात तीस वर्षं हिशेबनीस होते. निवृत्तीनंतर, दोन हजार पाच साली, त्यांनी कॉम्प्युटर घेतला, घरखर्चाचा प्रोग्रॅम घातला, भाजीसुद्धा टाइप करू लागले. आता त्यांना इंटरनेटवाली बँक हवी होती, जिची स्टेटमेंट त्या प्रोग्रॅममध्ये आपोआप जातील. एवढी घाई का, ते मलाच सांगितलं होतं, कारण प्रोग्रॅम मी शिकवलेला.

"सुरुची, मी विसरतोय गं. जूनचं लाइटबिल दोनदा भरलं, सोसायटीचं भरलंच नाही. बँकच सगळं लिहीत गेली तर कळणार नाही कोणाला. मीराला बोलू नकोस."

बोलले नाही. पण सोसायटीच्या सत्यनारायणाला पोरांनी आग्रह केला आणि मी काकांचा फोन करून दाखवला. घसा, बोळिंज, सगळं. मग बँकवाल्या बाईचा गोड आवाज काढला, "सर, आपण हेच काल पण विचारलंत. परवा पण." शिऱ्याचे द्रोण हातात धरून लोक लोळले. काकाही हसले, सगळ्यांच्या नंतर.

मीराकाकूंनी मला जिन्यात गाठलं. "काल पण, परवा पण, हे तू जोडलंस की ती खरंच म्हणाली?"

मी हातातल्या रिकाम्या द्रोणाची घडी घालायला लागले. काकूंनी मान हलवली आणि वर गेल्या.

दुसऱ्या दिवशी काकांनी मला यादी घेऊन बसवलं. दोन बँका उरल्या होत्या. पहिलीची फाइल थेट प्रोग्रॅममध्ये जायची, दुसरीची नाही. पहिलीवर खूण झालीच होती, तेवढ्यात काकू पदराला हात पुसत आल्या, फोन ओढला आणि तिचा नंबर लावला.

"मॅडम, मला एकच सांगा." आणि त्यांनी खरंच एकच विचारलं. "जॉइंट खात्यात नवराबायकोला वेगवेगळा पासवर्ड मिळतो का? ह्यांचे व्यवहार मला दिसायला हवेत."

मिळत नव्हता. मग दुसरीला फोन. तिथे मिळत होता.

"पण त्यांचं आपोआप येत नाही," काका म्हणाले. "हाताने टाइप करावं लागेल."

"मी करीन."

काकांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून नाही म्हटलं, मी काही सांगितलेलं नव्हतं.

"कधीपासून कळलंय तुला?"

"जूनपासून. तुमच्या शर्टाच्या खिशात बिलाच्या दोन पावत्या निघाल्या. म्हटलं, सांगाल कधीतरी."

काकांनी पेन उचललं आणि पहिल्या बँकेवर काट मारली, पट्टी लावल्यासारखी सरळ. मग फॉर्म मागवायला फोन हातात घेतला. नंबर दाबायच्या आधी थांबले.

"कुठली बँक म्हणालीस?"

यादी समोरच होती, त्यांच्याच अक्षरात. काकूंनी दुसऱ्या नावावर बोट ठेवलं आणि फोन लागेपर्यंत ते तसंच राहू दिलं.