बंद मशीनचा फिटर

विमानतळात गेलेल्या जमिनीच्या पैशातून भावेशने लेझर कटिंग मशीन घेतलं, तेव्हा पूजेला चारशे पाहुणे जेवले. आठ महिन्यांनी भागीदाराशी भांडण झालं, प्रकरण कोर्टात गेलं आणि तळोज्याची शेड बंद पडली. मशीन चालवता येईना, विकता येईना. मग त्याने काशीरामला बोलावलं. काशीरामचं बालपण मिठागरावर गेलेलं, पुढची चौतीस वर्षं कारखान्यात फिटर म्हणून. भावेशने हजेरीच्या वहीत त्याच्या नावापुढे लिहिलं, वॉचमन.

"मामा, नुसतं बसायचं काम हाय. बंद मशीनला काय करायचं असतं?"

"चालू मशीन बिघडलं तर आवाज करतं. बंद मशीन गप गंजतं," काशीराम म्हणाला. तोवर भावेश गाडीत बसला होता.

काशीराम बसला नाही. लेझरला थंड ठेवणाऱ्या चिलरमधलं पाणी त्याने पहिल्याच आठवड्यात काढलं, नळ्यांतून कोरडी हवा फुंकली, तोंडांना बुचं बसवली. लेन्सवर टोपी चढवली. दर सोमवारी रुळांना तेल द्यायचं आणि कापणारं डोकं हाताने चार फूट पुढे, चार फूट मागे सरकवायचं. लेझरची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असलेल्या बंद कॅबिनमध्ये ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पिशव्या होत्या. निळे दाणे गुलाबी झाले की तो ते घरी न्यायचा. बायको चंद्रावती त्यांच्यासाठी वेगळ्या काढलेल्या तव्यावर ते पुन्हा निळे होईपर्यंत भाजायची.

"लोकांच्या घरात शेंगदाणे भाजतात," ती म्हणायची. "आमी मशीनचा खाऊ भाजतो."

कॅबिन कधी उघडायची, हे मीठ ठरवायचं. शेडबाहेर, मशीनपासून चाळीस पावलांवर, कुंपणाच्या खांबावर बशीत खडेमीठ असायचं. खडे सुटे, तर हवा कोरडी. मिठाला पाणी सुटलं, तर त्या दिवशी कॅबिनच्या दाराला हात लावायचा नाही. तारीख, मीठ कसं होतं, काय काम केलं, हे तो रोज वहीत लिहायचा.

एकदा भावेश आला आणि बशीपाशी थांबला.

"दृष्टीसाठी ना, मामा?"

"हवा बघायला हाय."

भावेशने डोळा मारला. "बरोबर. सांगायचं नसतं."

"अरे, हवा बघायला ठेवलंय."

"मी कुठं काय बोललो?"

दृष्टीचा उपाय बोलून दाखवला की बाद होतो, म्हणजे जो नाही म्हणतो त्याचाच उपाय खरा, असं भावेशचं गणित. महिन्याभरात गावातल्या तीन जेसीबींवर आणि एका बंद जिमवर मिठाच्या बशा चढल्या.

तीन वर्षांनी श्रावणात कोर्टातलं प्रकरण मिटलं. पुण्याच्या एका कंपनीची इंजिनीअर, ऋचा, शुक्रवारी मशीन बघायला येणार होती. चाललं तर विक्री, नाहीतर भंगार. काशीरामपुढे निराळाच प्रश्न होता. तीन वर्षं त्याने काम केलं की तो नुसता बसला, हे शुक्रवारी ठरणार होतं.

सोमवारी त्याने शेड उघडली. रुळांवर सात बशा होत्या. प्रत्येकीत मूठमूठ मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या. शनिवारी काशीराम घरी गेल्यावर भावेश स्वतःच्या किल्लीने येऊन गेला होता, आणि रविवारी सुट्टी होती. श्रावणातल्या हवेत मिठाने मिठाचं काम केलं होतं. खारं पाणी बशांतून ओघळून रुळांवर उतरलं होतं आणि प्रत्येक बशीखाली हातभर लांबीवर तांबूस ठिपके उठले होते.

त्याने फोन लावला. "रुळांवर मीठ कशाला ठेवलंस?"

"पुण्याची पार्टी येतेय, मामा. नजर लागायला नको."

"नजर नाय, गंज लागलाय."

"मग अजून तीन बशा ठेवू का?"

काशीरामने फोन ठेवला. शुद्ध पाण्याच्या फडक्याने आधी मीठ उचललं, जागा लगेच कोरडी केली, मग तेल आणि बारीक घासायचा दगड. एका वितीला दीड तास. घाई केली तर रुळावर खळगा पडतो. तीन दिवस, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, गुडघ्यांवर. बुधवारी संध्याकाळी चिलर भरला आणि कॅबिनचा एसी लावला. ओल पूर्ण जाईपर्यंत, गुरुवार उलटेपर्यंत, त्याने मशीनचं बटण दाबलं नाही.

शुक्रवारी ऋचाने आधी वही मागितली आणि वीस मिनिटं उभ्याने वाचली. मग मशीन चालू झालं. सहा मिलिमीटरच्या पत्र्यातून एक गोल चकती खाली पडली. ती गार झाल्यावर ऋचाने कडेवरून बोट फिरवलं. "घेतो आम्ही."

"वरच्याची कृपा," भावेश म्हणाला. "आणि थोडं मीठ."

विक्रीच्या कागदावर एक रकाना होता, देखभाल करणाऱ्याची सही. भावेशने पेन उचललं.

"चिलरचं पाणी कधी काढलं होतं?" ऋचाने विचारलं.

भावेशने काशीरामकडे पाहिलं.

"लेन्स शेवटची कधी तपासली?"

भावेशने पेन खाली ठेवलं. काशीरामने सही केली आणि हुद्द्याच्या जागी लिहिलं, फिटर. भावेशने ते वाचलं.

मशीन पुण्याला गेलं आणि काशीरामचं काम संपलं. पंधरा दिवसांनी भावेशचा फोन आला. "मामा, विचुंब्याला मेव्हण्याचा बंगला हाय. जनरेटर दोन वर्षं बंद हाय. तुमचं ते मीठ ठेवून द्या ना."

"मीठ ठेवायला कुणीही चालंल. फिटर पाहिजे तर पगार फिटरचा."

"म्हणजे किती?"

काशीरामने आकडा सांगितला.

"सोमवारी किती वाजता येता?"

"आठला. आणि माझ्याआधी जनरेटरला कुणी हात लावायचा नाय."