धनश्रीला कोण उचलणार

माझी भाची धनश्री सतरा वर्षांची आहे, मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याला राहते, आणि चाकाचे बूट घालून एका मुलाच्या डोक्याच्याही वर जाते. हे वाक्य मी आजवर शंभरेक लोकांना सांगितलं असेल. पहिल्या फटक्यात कुणालाच कळलं नाही. मी सौंसरला गणित शिकवतो, गोष्टी समजावून सांगायचाच मला पगार मिळतो, पण या पोरीचं गणित मलाही धड सुटलेलं नाही.

सुरुवात एका जपानी मुलीपासून झाली. तिचं नाव साओरी. धनश्री बारा वर्षांची असताना तिच्या आईच्या, म्हणजे माझ्या मीनाताईच्या, मोबाइलवर तिला ही दिसली. बर्फावर एक मुलगा साओरीला कमरेला धरून फेकतो, ती हवेत गिरक्या घेते, एका पायावर उतरते आणि वर हसते. आमच्याकडे बर्फ म्हणजे गोळेवाल्याच्या गाडीवरचा. पण चाकांवरही अशी जोडीची स्केटिंग असते आणि नागपूरच्या नलिनी मॅडम ती दर रविवारी शिकवतात, हे धनश्रीने शोधून काढलं. तिच्या वडिलांचं, म्हणजे माझ्या गुणवंता भाऊजींचं, पांढुर्ण्यात कृषी केंद्र आहे. पोरगी दोन महिन्यांत विसरेल या भरवशावर त्यांनी हो म्हटलं. पोरगी विसरली नाही.

जोडीला मुलगा लागतो. मॅडमच्या वर्गात मोहगावचा चेतन होता. धनश्रीपेक्षा तीन वर्षांनी मोठा, खांद्याने रुंद आणि तोंडाने मुका म्हणावा असा. रविवारी दोघं नागपूरला जायची आणि बाकीचे दिवस संत्रा मंडीच्या सिमेंटच्या ओट्यावर सराव करायची. हंगाम नसला की तो ओटा रिकामाच असतो. वर्षभराने भोपाळच्या स्पर्धेतला त्यांचा फोटो पेपरात आला. चेतनचे दोन्ही हात वर, त्या हातांवर धनश्री, आणि त्याचा एक तळवा बरोबर तिच्या कमरेवर. दुसऱ्या दिवशी खत घ्यायला आलेला प्रत्येक माणूस भाऊजींना विचारू लागला, "हा पोरगा कोन हो?" भाऊजी दुकान अर्धं बंद करून घरी येऊन बसले. उद्यापासून स्केटिंग बंद, म्हणाले.

तेव्हा अक्कल पाजळली ती मी. "भाऊजी, राखी बांधून टाकू. इषय खतम." पंधरा दिवसांवर सण होता. चेतनला जेवायला बोलावलं, पाटावर बसवलं, धनश्रीने ओवाळलं, राखी बांधली. तो फोटो मी स्वतः नातेवाइकांच्या सगळ्या ग्रुपवर टाकला. विषय खरोखरच संपला. मला माझ्या डोक्याचं इतकं कौतुक वाटलं की वर्षभर मी हा किस्सा स्टाफरूममध्ये सांगत होतो.

पुढची साडेतीन वर्षं दोघं एकत्र खेळली. राज्यात दोनदा रौप्य मिळालं, एकदा देशात पाचवा नंबर आला, धनश्रीच्या हनुवटीला तीन टाके पडले. नलिनी मॅडम मला एकदा म्हणाल्या होत्या, "सर, बाकीच्या जोड्या रोज भांडतात. ही दोघं एकदाही भांडत नाहीत. मला काळजी वाटते." मला ती स्तुती वाटली. मी घरी येऊन ताईला तशीच सांगितली.

या जानेवारीत चेतन पुण्याला गेला. तिथल्या कॉलेजात खेळाच्या जोरावर वर्षाच्या मध्येच प्रवेश मिळाला, तिथल्या क्लबात एक बुटकी, हलकी मुलगी जोडीला मिळाली. धनश्री दोन वर्षांत चार बोटं उंच झाली होती आणि त्याचा खांदा दुखायला लागला होता, हे सगळ्यांना दिसत होतं. त्याने मॅडमला सांगितलं, भाऊजींना फोन केला. धनश्रीला काही सांगितलं नाही. भाऊजी खुशीत पेढे घेऊन घरी आले. "आपला चेतन पुन्याले चालला!" धनश्रीला ते त्या पेढ्यांवरून कळलं. अर्धा पेढा तिने खाल्ला, उरलेला खिडकीत ठेवला आणि वाळत घातलेले कपडे काढायला गच्चीवर गेली. संध्याकाळ झाली तरी खाली आली नाही.

त्यानंतर कित्येक महिने तिने बूट घातले नाहीत. ताई तिला म्हणायची, "भावाचं चांगलं झालं तं बहिनीनं असं तोंड पाडू नाई." मी एकदा तिच्याजवळ जाऊन बसलो तर ती मोबाइलवर साओरीची मुलाखत पाहत होती. खाली इंग्रजीत अक्षरं उमटत होती. साओरीचा पहिला जोडीदार दुखापतीने थांबला, दुसरा तिला सोडून दुसऱ्या मुलीबरोबर गेला. ती म्हणत होती, मी त्याच्याशी सहा महिने बोलले नाही, त्याच्या नावाने आरडाओरडा केला, मग तिसरा शोधला. मी विनोद करायला गेलो, "त्यायच्यात राखी नसन नं, म्हनून." धनश्रीने माझ्याकडे असं पाहिलं की मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठलो.

आता माझी दुसरी अक्कल सांगतो. ऑगस्टमध्ये राखीचा सण आला. धनश्री त्या विषयाला हात लावेना. मी सौंसरच्या बाजारातून एक राखी घेतली, चिठ्ठीवर ‘तुझी बहीण धनश्री’ असं लिहिलं आणि पुण्याला पोस्टाने पाठवून दिली. कुणाला काही बोललो नाही. संबंध तुटू नये, एवढीच माझी इच्छा होती. देवाशप्पथ, एवढीच.

नवरात्रात नलिनी मॅडमचा फोन आला. सौंसरचाच मंगेश नावाचा मुलगा एकट्याने स्केटिंग करतो आणि त्याला जोडी हवी होती. राज्याची निवड दोन महिन्यांवर होती, आणि वयामुळे धनश्रीचं ज्युनिअर गटातलं हे शेवटचं वर्ष. रविवारी नागपूरला दोघांना उभं करून पाहिलं. मंगेशने कमरेला हात लावला की धनश्री ताठ व्हायची, पाय जमिनीवरून सुटेनातच. आठ वेळा प्रयत्न केला. मॅडम म्हणाल्या, अजून एकदा पाहा, तिच्या गावात, तिच्या माणसांसमोर. नाहीतर मी या वर्षीचं नाव काढून टाकते.

भाऊजींनी मंगेशला घरी बोलावलं, पण आधी राखी, मग स्केटिंग. सण होऊन दीड महिना उलटला होता, दुकानात राख्या कुठल्या? देवघरातला लाल धागा घेतला. मंगेश पाटावर बसला, पोह्याची प्लेट बाजूला ठेवून त्याने मनगट पुढे केलं. हे कशासाठी ते बिचाऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं, तो सगळ्यांच्या तोंडाकडे पाहत होता.

"मी नाई बांधत," धनश्री म्हणाली.

भाऊजींना वाटलं ती लाजते आहे. "अवं, चेतनले नाई का बांधली?"

"म्हनूनच नाई बांधत."

"मंग तुहा कोन लागते हा?"

"कोनी नाई लागत, बाबा. माह्यासंगं खेळनार हाय." तिने ओवाळणीचं ताट खाली ठेवलं. "चेतनले तुमी भाऊ केलं. भाऊ गेला तं पेढे वाटले. माहा पार्टनर गेला, त्याचं कोनी इचारलं? मले भांडाचं होतं त्याच्यासंगं. भावाचं चांगलं झाल्यावर बहीन भांडते का कोनाची?"

भाऊजी हातातल्या धाग्याकडे पाहत राहिले. ताई चिडून म्हणाली, "मंग भांड नं! आठ-नऊ महिन्यापासून घर कोंडून टाकलं. लाव फोन!"

ताई रागात बोलली, पण पोरीने खरोखर फोन लावला. आमच्या घरात सगळे स्पीकरवरच बोलतात, तशीच तीही बोलली.

"धनू?" चेतनचा आवाज आला. मग, "राखी भेटली होती तुही."

"कोनती राखी?"

"तू पोस्टानं पाठवली ते. मी रोज वाट पाहून राहिलो होतो, तुहा फोन येईन, तू शिव्या देशीन. मंग राखीच आली. मले वाटलं, तुले काईच वाटलं नाई. मी गेलो काय अन राहिलो काय."

धनश्रीने आधी आईकडे पाहिलं, मग बाबांकडे, मग माझ्याकडे. वर्गात चोरी सापडली की पोराचा चेहरा कसा होतो ते मी पंचवीस वर्षं पाहत आलोय. त्या दिवशी तो चेहरा माझा होता.

"मी पाठवली होती," मी म्हणालो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

धनश्री फोनमध्ये म्हणाली, "ते मी नाई पाठवली. मी रागावली होती, चेतन. अजूनही रागावली हाव. तू मले काऊन नाई सांगतलं?"

पलीकडे तो मुका पोरगा रडायला लागला. "बरं झालं," एवढंच तो म्हणाला. "बरं झालं, धनू."

मग ती त्याला बोलली, चांगली दहा मिनिटं. टाके पडले तेव्हा त्याने कसं धरलं नव्हतं इथपासून पेढ्यांपर्यंत सगळं. आम्ही मोठी माणसं खाली माना घालून ऐकत होतो, आणि मंगेशने पोहे संपवले. फोन ठेवून धनश्रीने नाक पुसलं आणि खोलीतून बूट आणले. "चाल," ती मंगेशला म्हणाली, "पाडलं तं तुले बी असंच आयकाव लागन." मंगेशने भाऊजींकडे पाहिलं. भाऊजींनी धागा खिशात टाकला आणि चपला शोधायला लागले.

ओट्यावर ती पहिल्या दोन वेळा धडपडली आणि मंगेशवर खेकसली. तिसऱ्यांदा तिचे पाय सुटले. मंगेशच्या दोन्ही हातांवर ती वर होती. कडेने जाणारा एक हमाल थांबला. "गुनवंताभाऊ," त्याने विचारलं, "हा पोरगा कोन हो?"

भाऊजींनी तोंड उघडलं. माझ्याकडे पाहिलं. मी काही सांगितलं नाही, माझी अक्कल मी दोनदा चालवून पाहिली होती.

"मंगेश," ते म्हणाले. "मंगेश नाव हाय त्याचं."