सुमित्राताईंचा दुसरा सूर्य

सुमित्राताईंशी माझा परिचय झाला तो माझ्या चुकीमुळे. पंचवीस वर्षांपूर्वी मी नागपुरातल्या एका छापखान्यात मुद्रिते तपासत होतो. ताई तेव्हा शाळेत विज्ञान शिकवायच्या. त्यांच्या पहिल्या विज्ञानकथासंग्रहातल्या एका कथेत ग्रहाला दोन सूर्य होते आणि दुसरा मावळेपर्यंत तिथल्या माणसांना काम थांबवता येत नसे. वाचकाला एकच गोष्ट दोनदा सांगायची नाही, ही ताईंची शिस्त. त्यामुळे दुसऱ्या सूर्याबद्दल ‘दुसरा सूर्य अजून वरच होता’ एवढे एकच वाक्य त्यांनी लिहिले होते. मला ती लिहिताना झालेली चूक वाटली. नागपूरच्या माणसाला एक सूर्य पुरून उरतो. मी ते वाक्य काढले आणि पुस्तक तसेच छापले गेले.

माफी मागायला हुडकेश्वरला त्यांच्या घरी गेलो, तर ताई म्हणाल्या, “होते तसं भाऊ. जेवून जा.” मी मान खाली घालून जेवलो.

पुढे वाचक विचारू लागले, या कथेतली माणसे इतकी थकलेली का? तेव्हापासून ताई प्रत्येक साहित्य संमेलनात वाचकांकडची जुनी प्रत मागून घेतात आणि समासात ते वाक्य स्वतःच्या हाताने लिहून देतात. पिशवी सांभाळायला मी सोबत असतो.

यंदा पुणे, इंदूर, कोल्हापूर असे लागोपाठ दौरे झाले. विज्ञानकथेचे सत्र सगळीकडे ऐन जेवणाच्या वेळी ठेवलेले. समोर दहा माणसे असली, तरी ताई भरल्या सभागृहात बोलावे तशा बोलल्या. पाय सुजले होते. खरे सांगतो, मीही कंटाळलो होतो. धंतोलीतल्या डॉक्टरांनी प्रवास बंद करायला सांगितला, तेव्हा नागपूरजवळच्या खापा इथल्या वाचनालयाच्या निमंत्रणाला मी ताईंना न विचारताच नकार कळवून टाकला.

ताईंना ते कळलेच. “काहून भाऊ, पहिले माहा सूर्य कापला, आता खापाही कापून राहिले?”

आम्ही खाप्याला गेलो. ताईंनी तिथल्या प्रतीत वाक्य लिहिले. ग्रंथपालबाईंनी ते दोनदा वाचले आणि म्हणाल्या, “आता समजलं मॅडम, हे लोक एवढे काहून थकले होते ते.”

परतताना गाडीत ताई हळूच म्हणाल्या, “थकली आता मी.” इतक्या वर्षांत हे मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकले. मला फार वाईट वाटले, कारण ही सारी वणवण माझ्या एका रेघेने त्यांच्या मागे लावली होती.

आता त्या संग्रहाची नवी आवृत्ती निघते आहे. मुद्रिते ताईंनी हट्टाने माझ्याकडेच पाठवायला लावली.

ताई, आज तुमची पंच्याहत्तरी. यापुढची पुष्कळ वर्षे तुम्हाला निरोगी आणि निवांत मिळोत. समासात लिहायला आता गावोगाव जाण्याची गरज नाही. दुपारी कूलर लावून खुशाल झोपा. वाक्य जागेवर आहे. चार वेळा पाहिले आहे, छपाईला देण्याआधी पुन्हा एकदा पाहीन.