झेंड्याले पार्सल

"इथं कोण राहून राहिलं, सांगा बरं?" कॉम्प्युटरच्या पडद्यावर बोट टेकवून तो विचारायचा, आणि सगळं ऑफिस काम टाकून त्याच्याभोवती जमायचं. माझ्याभोवती कधी कोणी जमलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझं तोंड वाकडं दिसलं तर तुम्हाला नवल वाटायला नको.

सौंसरच्या आमच्या पार्सल ऑफिसात मी जुना, तो मागून आलेला. गॉगल डोक्यावर, आणि अत्तर इतकं की आधी वास यायचा, मग माणूस. काम मात्र दोघांचं एकच. एका पिनकोडात गावं भरमसाट, नकाशावर त्याचा बिंदू एकच, आणि गाडीवाला त्या बिंदूवर जाऊन उभा राहणार. त्यातही एका यादीत बिंदू पोस्टाच्या दारात, तर दुसरीत भलत्याच कोणाच्या संत्र्याच्या बागेत. खरा कुठला धरायचा, ते आम्ही ठरवायचं. साहेब रिटायर होणार होते आणि त्यांची खुर्ची आमच्या दोघांपैकी एकाला मिळणार होती. मला ती हवी होती. फार हवी होती.

पांढुर्ण्याचा पिनकोड माझ्याकडे आला. एका यादीत बिंदू पांढुर्ण्याच्या बाजारात, दुसरीत नदीपलीकडे सावरगावात. मी कोणालाच नाराज केलं नाही. दोन्हींच्या अक्षांश-रेखांशांची सरासरी काढली आणि मधला बिंदू लावून दिला. सकाळी गाडीवाल्याचा फोन आला, "साहेब, तुमचा पत्ता जाम नदीत आहे. उतरू का?"

बिंदू नेमका तिथं पडला होता, जिथं गोटमारीला, म्हणजे दोन्ही गावं एकमेकांवर दगड मारतात त्या दिवशी, झेंडा रोवतात.

"भाऊ, झेंड्याले पार्सल पाठवून राहिले का?" तो त्याच्या टेबलावरून ओरडला. बापा, काय हसले लोक! साहेबांना तर ठसका लागला. मीही हसलो, पण आतून नुसता जळत होतो.

तो स्वतः यादीकडे बघायचाच नाही. फोन लावायचा. "मावशी, पार्सल घ्याले कुठं येता तुमी? चक्कीपाशी? मंग आमी तिथंच येतो." झालं, बिंदू चक्कीवर. यात कसली अक्कल लागते, तुम्हीच सांगा! पण बाया ऑफिसात फोन करून त्यालाच मागायच्या. मी उचलला की म्हणायच्या, "तुमी नाई, ते दुसरे सर द्या."

मग त्याला नागपुरात मोठी नोकरी लागली. निरोपाला साहेबांचे डोळे भरून आले. खुर्ची मला मिळाली, म्हणजे माझ्यासाठी उरली.

पेढे घेऊन बोरगावला आईकडे गेलो. आई तिथं एकटीच राहते. पाहतो तर ओट्यावर बायांची गर्दी, मधोमध आई बसलेली, आणि आमच्याच ऑफिसची गाडी दारात उभी. मला कळेना. बोरगावचा बिंदू तर मीच पोस्टावर लावला होता.

"तुह्या हापिसातला तो पोरगा आलता न," आई म्हणाली. "दारात उभा राहून म्हणे, इथं कोण राहून राहिलं, सांगा बरं? चहा पेला. म्हणे, मावशी, तुमाले एकटीले करमत नाई न? मंग गावाचा पॉइंट तुमच्याच ओट्यावर ठेवतो. तवापासून सारं गाव येते पार्सल न्याले. बसते, बोलते."

माझ्या आईला करमत नाही, हे मला कधी सुचलं नव्हतं. मला त्याचा भयंकर राग आला.

निघताना आईनं एक पेढा कागदात बांधून माझ्या हातात दिला. "हा त्याले दे."

"आई, तो नागपूरला गेला."

"मंग? नागपूर का लय दूर आहे?"

बसमध्ये तो पेढा मीच खाऊन टाकला. सौंसरच्या स्टँडवर उतरलो आणि राहवेना, म्हणून त्याला फोन लावला. "आईनं तुझ्यासाठी पेढा दिला होता. मी खाल्ला."

 पलीकडून तेच जुनं हसणं ऐकू आलं. "कुठं खाल्ला, भाऊ? पॉइंट पाठवा न!"